कोलार: सोने खणणाऱ्यांच्या बोटांचे ठसे

'केजीएफ' चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बंदुकांच्या पहाऱ्यातील ती गुलामांची वसाहत कल्पित आहे. कोलारच्या खऱ्या खाणींत हजेरीपट होते, पाळ्या होत्या, पगार होता. तरीही पडद्यावरच्या कोलारपेक्षा हे नोंदवह्यांतले कोलारच मला अधिक अस्वस्थ करते.

१८८० च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने येथील कारभार हाती घेतला. मजूर आले ते मुख्यतः उत्तर अर्काटसारख्या तमिळ भागांतून, बहुतांश दलित. साहेबांसाठी बंगले आणि क्लब उभे राहिले; मजुरांसाठी 'कुली लाइन', म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांच्या रांगा. १९०२ मध्ये शिवनसमुद्रमची वीज कोलारला पोहोचली, बंगळूरच्याही तीन वर्षे आधी. ती आणली होती खाणीची यंत्रे चालवण्यासाठी.

पाळी लागली की माणसे पिंजऱ्यातून खाली उतरत. खडकाला भोके पाडायची, सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड भरून वर पाठवायचा. चॅम्पियन रीफ ही खाण तर पुढे ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये न्यूट्रिनो टिपले ते याच खोलीचा आश्रय घेऊन.) तिथे खडकाचे तापमान ६० अंशांच्याही वर असे. दाबाखालचा खडक अचानक फुटून माणसे गाडली जात. त्यातून वाचलेल्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साठे. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस.

सोने मात्र डोळ्यांना क्वचितच दिसे. सुरुवातीच्या समृद्ध वर्षांतही टनभर दगडामागे काही तोळे, पुढे तर काही ग्रॅमच. दगड दळून, पारा व सायनाइड वापरून ते वेगळे करावे लागे. तरीही चोरीचा संशय पहिल्यांदा खाली उतरणाऱ्यावरच. सोनेचोरीविरुद्ध म्हैसूर संस्थानाने खास कायदाही केला होता.

१९३० मध्ये बोटांचे ठसे घेऊन कामगारांची नोंदणी करण्याचा घाट घातला गेला. ठसे गुन्हेगारांचे घेतात, हे मजुरांनाही ठाऊक होते. पाठीशी संघटना नसताना हजारो माणसांनी खाली उतरणेच थांबवले. उष्णता आणि धूळ ज्यांनी वर्षानुवर्षे सोसली, त्यांना शाईचा तो डाग सोसवला नाही. कोलारच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा संप.

२००१ मध्ये खाणी बंद झाल्या. सोने काढून उरलेल्या चुऱ्याचे डोंगर मात्र तसेच उभे आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ आजही वस्तीवर उतरते.