कावडीची चाल

अकोल्याच्या राजराजेश्वराची कावडयात्रा ज्यानें एकदां पाहिली, त्याला श्रावणांतला शेवटचा सोमवार विसरणें कठीण. गांधीग्रामास पूर्णा नदीचें पाणी भरून घ्यावयाचें आणि अनवाणी पायांनीं सुमारें 18 किलोमीटर चालत तें अकोल्यास आणून देवास अर्पावयाचें, असा हा नेम आहे.

आमच्या मातोश्री मूळच्या अकोल्याच्या. आतां त्यांना दारापर्यंत येणेंहि जड जातें. त्यांच्याकरितां यात्रेचें चलच्चित्र घ्यावें, म्हणून अमरावतीहून निघतांना मीं कॅमेऱ्याबरोबर हातांत धरावयाचें गिंबल घेतलें. चालत्या माणसानें घेतलेलें चित्र हिसके खातें व तें पाहतांना वृद्धांना घेरी येते. हें यंत्र तो दोष आवरतें. अशा साधनांची वाट अमेरिकेच्या गॅरेट ब्राऊन ह्यांनीं दाखविली. त्यांचा ‘स्टेडीकॅम’ 1976 सालच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ ह्या चित्रपटाकरितां प्रथम वापरण्यांत आला. त्यांत स्प्रिंगांचा हात व तोललेलीं वजनें होतीं; आजच्या गिंबलांत तीन मोटारी कॅमेऱ्याचें वळणें, झुकणें व कलणें क्षणोक्षणीं सांवरतात. परंतु पावलागणिक सारा देह जो खालीं-वर होतो, त्यावर मोटारींचा इलाज चालत नाहीं. तें काम गुडघ्यांचें.

श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालीं ज्या अमरावतींत निघालें, तेथें शरीर शिकवावें लागतें हें कोणास सांगावयास नको. गच्चीवर महिनाभर रोज सकाळीं मीं तोच पाठ गिरविला: कोपरें अंगाशीं, गुडघे किंचित् वांकलेले, पाऊल आंखूड, आधीं टांच व मग चवडा.

गांधीग्रामच्या वाटेवर पाहतों तों काय, हा पाठ तेथें पूर्वापार चालत आलेला! बांबूच्या दोन्ही टोकांस लोंबणारे कलश, खांद्याशीं तोललेला भार, सैल गुडघे आणि सर्वांची एक लय. मोठ्या कावडीस अनेक जण खांदा देतात. एकाचें पाऊल चुकलें कीं झोल साऱ्या कावडीस बसतो. मीं त्यांच्या पावलाशीं पाऊल जुळविलें आणि मग चित्र आपोआप संथ वाहूं लागलें.

मातोश्रींनीं तें दोनदां पाहिलें. “पाणी हिंदकळत नाहीं रे त्यांचें,” एवढेंच त्या म्हणाल्या.

ज्यांस हें यंत्र घ्यावयाचें असेल, त्यांनीं आधीं मोटारी बंद ठेवून कॅमेरा असा बसवावा कीं, हात काढला तरी तो कलूं नये. तोललेला भारच मोटार सांवरूं शकते. पुढची विद्या दुकानांत मिळत नाहीं. ती चालूनच शिकावी.