मेअखेरचं मागीलदार

मेच्या शेवटच्या वीकेंडला गुहागरला निघालात? हापूसची आशा फार धरू नका, तो संपत आलेला असतो. थेट घराच्या मागीलदारी जा. तिथे रातांब्यांची धांदल असते. लालभडक फळं फोडायची, बिया काढायच्या, सुटलेल्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात टाकायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं कितीतरी दिवस. तेव्हा कुठे काळंभोर आमसूल! मध्येच वळवाची सर आली तर बुरशी, आणि वर्षभराच्या आमटीची बेगमी गेली. म्हणून सगळ्यांचा एक डोळा आभाळाकडे. वांगी-मिरच्या आता थकल्यात, त्यांना कोण विचारतो? पडवळ-दोडक्याचं बियाणं मात्र राखेत जपलेलं; ७ जूनच्या आसपास मृग लागला की पेरायचं. निघताना आगळाची बाटली मागून घ्या. खारट असतं हं, सोलकढीच करा!