बासेलचं दुसरं सुवर्ण

ऑगस्ट २०१९ आठवतोय? बासेलला सिंधू विश्वविजेती झाली, आणि तुमच्यासारखेच मीही अभिनंदनाचे निरोप पुढे पाठवत बसले. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीने पॅरा-बॅडमिंटनचं विश्वविजेतेपद मिळवलं होतं. मला ते चार दिवसांनी कळलं. मराठी म्हणवणाऱ्या मला!

मानसी इंजिनिअर. २०११ मध्ये स्कूटरवरून कामावर जाताना ट्रकने धडक दिली, डावा पाय गेला. कृत्रिम पाय लावून ती पुन्हा कोर्टवर उतरली. पुढे हैदराबादला गोपीचंद अकादमीत सराव.

तिच्या एसएल-३ गटात एकेरी अर्ध्या कोर्टवर खेळतात. मला वाटलं, मग सोपंच की! सगळा जोर एका पायावर ठेवून मागे सरका, फटका मारा आणि लगेच जाळीकडे धावा. मी दिवाणखान्यात करून पाहिलं; सोफा होता म्हणून वाचले.

अंतिम फेरीत तिने पारुल परमारसारख्या मुरलेल्या खेळाडूला २१-१२, २१-७ असं हरवलं. पण टोकियो पॅरालिम्पिकमध्ये महिला एकेरीत तिचा गटच नव्हता. तो आला २०२४ ला, पॅरिसमध्ये. तिथे ती साखळीतच हरली.

तो निकालही मी घरच्या ग्रुपवर टाकला. काकूंनी विचारलं, "ही कोण गं?" मी सरळ फोनच लावला त्यांना.