खडकवासल्यात झूक नाचायला जागा मिळेल का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चौपाटीवरच्या ट्रॅफिकबद्दल नाही, तेव्हा निवांत वाचा.

गेलं दीड वर्ष मी दर शनिवारी खडकवासल्याहून पार बाणेरला नाचायला जाते. वय ४६, एक गुडघा कुरकुरतो. नाचाचं नाव ब्राझिलियन झूक. आमच्या सासूबाई त्याला झुकझुक म्हणतात. "आज झुकझुकला जायचंय का गं? मग कुकर मी लावते." एवढं बोलून विषय संपतो. घरचा प्रश्न असा सुटला, बाहेरचा सुटेना म्हणून लिहितेय.

ज्यांनी १९८९-९० पाहिलंय त्यांना लंबाडा आठवत असेल. काओमा नावाच्या फ्रान्समधल्या ग्रुपचं गाणं, जगभर वाजलं. मूळ चाल बोलिव्हियाच्या लोस क्यार्कासची, १९८१ ची. न विचारता उचलली म्हणून पुढे कोर्टकचेरी झाली आणि बोलिव्हियावाले जिंकले. आपल्याकडेही १९९० च्या 'घायल'मध्ये तीच चाल होती, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला हमखास वाजायची. लाट ओसरली, लंबाडाची नवी गाणी यायची थांबली. पण ब्राझीलमधल्या नाचणाऱ्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी कॅरिबियन बेटांवरचं, ग्वादलूप-मार्टिनिकचं झूक संगीत घेतलं आणि त्यावर नाचत राहिले. ते संगीत संथ, म्हणून नाचही संथ झाला. एक लांब पाऊल, दोन छोटी.

क्लासपेक्षा मला आवडतं ते 'सोशल'. स्टेज नाही, स्पर्धा नाही, प्रेक्षक नाहीत. कुणीही कुणाला विचारतं, "नाचू या?" एखाद-दुसरं गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं, जोडीदार बदलायचा. बँकेतले साहेब, आयटीतली पोरं, एक रिटायर्ड बाई, सगळे एका फरशीवर. आणि "नको" म्हटलं तर नको. कारण द्यावं लागत नाही, समोरचा तोंड पाडत नाही, दुसऱ्यांदा विचारत नाही. पुण्यात वाढलेल्या बाईला हे पचायला वेळ लागतो बरं का. पीएमपीच्या गर्दीत कोपर बाहेर काढून उभं राहायची सवय असते आपल्याला. परक्या पुरुषाचा हात पाठीवर आहे आणि तरी खांदे सैल आहेत, असं मला पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात वाटलं.

तंत्र म्हणाल तर फुगडी खेळलेल्या बाईला अर्धं आधीच येतं. हात अडकवायचे, पाय जुळवायचे, मागे रेलायचं. समोरचीनं वजन धरलं नाही तर दोघी आपटणार. झूकमध्ये तेच, फक्त हळू. मान मात्र शिकल्याशिवाय फिरवायची नाही, यूट्यूब बघून तर नाहीच.

आता मुद्दा. आमच्या भागातले पाच-सहा जण मिळाले. म्हटलं, रविवारी दोन तास इथेच नाचू, इतक्या लांब कोण जाणार? एका सार्वजनिक हॉलसाठी विचारलं. भाडं द्यायची तयारी, स्पीकर छोटा, नऊला बंद. पहिला प्रश्न आला, "लेडीज पण असणार का?" दुसरा, "नवरा-बायकोच ना?" मग उत्तर आलं की असल्या कार्यक्रमाला देत नाही. त्याच हॉलच्या दारात लग्नाच्या वरातीचा डीजे खिडक्या हादरवत असतो, त्याला चालतं.

राग कुणा एकावर नाही. या राज्यात नाचाची सार्वजनिक चर्चा झाली ती डान्सबारचीच. २००५ ला बंदी, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढली, २०१६ ला नवा कायदा, २०१९ ला त्यातल्याही बऱ्याच अटी गेल्या. ती लढाई पोटाची होती, तिचं मोल मोठं. पण सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच बसलं: बाई नाचते, पुरुष बघतो. दोघं मिळून नाचतात आणि बघणारा कुणीच नाही, याला आपल्याकडे रकानाच नाही. मिरवणुकीत पुरुष नाचतात, आपण फुटपाथवर पर्स सांभाळत उभ्या. ढोलपथकांत मुली आल्या तेवढं चांगलं झालं.

खडकवासला २०२१ ला पालिकेत आलं. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ नगरसेवकच नव्हते. टॅक्सची बिलं मात्र शहराची. शहराच्या टॅक्समध्ये शहराची एखादी खोली मिळावी, एवढंच म्हणणं आहे. झूकच कशाला, कुणाला कथ्थकचा रियाज करायचा असेल, कुणाला बुद्धिबळ खेळायचं असेल. रविवारी संध्याकाळी लग्न नसलं की हॉल कुलूपबंदच असतो.

अर्ज आता लेखी टाकतोय. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "ताई, 'फिटनेस क्लास' लिहा, लगेच पास होईल." मी 'जोडीनृत्य' लिहिलंय. सहीला अजून माणसं हवीत. नाचता आलंच पाहिजे असं नाही, फक्त इथला पत्ता लागेल. मेसेज करा.