चूल आणि पोपटी

महामार्गांवर ‘चुलीवरचे जेवण’ असे फलक झळकू लागल्यापासून चूल हे घरगुती सुखाचे प्रतीक ठरले आहे. आमचे मत निराळे आहे. घरातील चूल आमच्या आईने वर्षानुवर्षे फुंकली. तिचे डोळे सदैव चुरचुरत. गॅस आल्यावर तिने चुलीची आठवण एकदाही काढली नाही.

सुख होते ते घराबाहेरच्या अग्नीत. अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. पाणी थेंबभरही नाही. मडके पालथे घालून भोवती पेंढा नि पालापाचोळा पेटवायचा. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. हे काम बहुधा पुरुषांचे (म्हणून त्याचे कौतुकही अधिक!). पण आई विस्तवाशेजारी नुसती बसलेली आम्ही पाहिली, ती तेथेच.

आता आमच्या सदनिकेच्या गच्चीत गॅसचे ग्रिल आहे. आच हवी तशी कमी-अधिक होते, धूर जवळजवळ नाही. त्याच्या चहूबाजूंनी मात्र बसता येत नाही. मागे भिंत आहे. आई तरीही खुर्ची ओढून जवळ येते आणि शेंगा आणल्यात का, असे विचारते.