बसा बापू, आता त्यास्नी बोलू द्या

ग्रामसभेची दवंडी आदल्या संध्याकाळी फिरायची. कराड आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवरचं आमचं गाव. कोतवाल हलगी वाजवत वेशीपासून खालच्या आळीपर्यंत जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या पडायच्या. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सरपंचांना सारं गाव आण्णा म्हणायचं. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. बोलणाऱ्यानं उभं राहून बोलायचं, एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्यानं उठायचं नाही आणि घरी ज्याला अरेतुरे करतो त्यालाही सभेत ‘तुम्ही’ म्हणायचं, एवढाच त्यांचा दंडक.

पाणंदीवरून एकदा भावकीत जुंपली होती. दोघे सख्खे चुलतभाऊ, एक बांध कोरतोय म्हणणारा, दुसरा ते नाकारणारा. थोरल्याचा आवाज वाढला तशी आण्णांनी नुसता हात वर केला. "बसा बापू. तुमचं सगळं ऐकलं. आता त्यास्नी बोलू द्या." बापू बसले. धाकट्याचं बोलून झाल्यावर आण्णांनी ग्रामसेवकाला दोघांचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावलं. "असंच म्हणालासा न्हवं?" दोघांनी माना डोलावल्या. निकाल त्या दिवशी लागला नाही, पुढंही बरेच दिवस लागला नाही. पण आपलं बोलणं गावानं ऐकलं आणि कागदावर चढलं, याचं समाधान घेऊन दोघं घरी गेले. सभेची शिस्त या वाचून दाखवण्यातून येत होती, असं मला आजही वाटतं. आपलं म्हणणं नोंदलं जाणार याची खात्री असलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही.

ही रीत एकट्या आण्णांची नव्हती. या मुलखाला सभेचं वळण जुनं आहे. औंध संस्थान मुख्यतः आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेलं होतं. औंध इकडं, आटपाडी आणि कुंडल तिकडं. 1939 मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःच्या हातातला अधिकार रयतेला देऊन टाकला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन आणि सल्ल्याला खुद्द गांधीजी, अशांनी त्यासाठी राज्यघटना घडवली. गावानं निवडलेली पंचायत हा तिचा पाया. राजाच्या राज्यात शेतकरी पंच म्हणून बसला आणि राजानं त्याचं ऐकून घेतलं, ही गोष्ट या मातीत घडली आहे. पुढं चारच वर्षांत कुंडलच्याच परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांचं प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगावच्या न्यायमंडळांपुढं जमिनीचे, कर्जाचे, सासुरवासाचे तंटे येऊ लागले. त्या कारभाराला शिक्षेचा धाकही होता, तो नाकारू नये. पण गावापुढं उभं राहून बाजू मांडायची आणि समोरच्याची ऐकायची, ही सवय त्या वर्षांत अनेकांना लागली. आण्णा त्याच पिढीचे.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे याच मुलखातल्या देवराष्ट्र्याचे. तालुक्या-जिल्ह्याच्या सभागृहांत मग धोतर-फेट्यातली माणसं ‘अध्यक्षमहाराज’ म्हणून बोलायला उठू लागली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय, आणि तो खरोखर वाचला जायचा. पी. डी. पाटील चार दशकांहून अधिक काळ कराडचे नगराध्यक्ष राहिले. आर. आर. पाटील, म्हणजे आबांनी, आमदार होण्याआधी 1979 पासून 1990 पर्यंतची वर्षं सांगली जिल्हा परिषदेत सदस्य म्हणून काढली. स्थानिक सभागृहात इतकी वर्षं घालवणं त्या काळी कमीपणाचं वाटत नसे. पुढं गृहमंत्री झाल्यावर त्याच आबांच्या पुढाकारानं 2007 च्या स्वातंत्र्यदिनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावानंच समोरासमोर बसून मिटवावा, हा तिचा गाभा. तो औंधच्या पंचायतीपासून चालत आलेला आहे.

पण त्या जुन्या सभांची आठवण काढताना एक गोष्ट मनाला टोचते. सतरंजीवर एकही बाई नसायची. खालच्या वस्तीतली माणसं चपला काढायच्या जागेजवळ उभी असायची आणि कुणी विचारलं तरच बोलायची. आम्ही ज्याला शांतता म्हणत होतो तिच्यात त्यांचं गप्प बसणंही मिसळलेलं होतं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या झाल्या आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्यानं आलं. आज सरपंचांच्या खुर्चीत आमच्या गावची सून बसते आणि पाण्याच्या टाकीचा हिशेब मागायला खालच्या वस्तीतली पोरगी उभी राहते. त्यानं गोंगाट वाढला असेल तर त्या गोंगाटाचं मी मनापासून स्वागत करतो.

माझी खंत वेगळी आहे. आताची माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. एकजण उठतो, दुसरा मोबाईल धरतो आणि बोलणाऱ्याचं तोंड अध्यक्षांकडं नसून पडद्याकडं असतं. सभा उठायच्या आत शिवी गावच्या ग्रुपवर पोचलेली असते. पूर्वी तोंडून गेलेला वेडावाकडा शब्द संध्याकाळी पारावर मागं घेता यायचा. आता तो मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांपर्यंत जातो आणि मग घराण्याची इज्जत म्हणून कुणी माघार घेत नाही. त्यात थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असलं की विषय कुठलाही असो, विरोध ठरलेला. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कोण, यावरूनच कित्येक गावांतल्या ग्रामसभा तापल्या. आबांच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे फार लागतं.

दुसरीकडं रिकामपण आहे. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग ठराव लिहिलेले असतात, त्यावर सह्या फिरतात. मार्च 2022 मध्ये सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला नाही, सभात्याग झाला नाही, कारण सदस्यच नव्हते. त्या शांततेपेक्षा मला भांडणारं सभागृह हजारपट प्रिय आहे.

त्याच वर्षी, 2022 मध्ये, देवराष्ट्र्याच्याच कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. असा निर्णय वरून हुकूम काढून पाळला जात नाही. घरोघरी कुणाची तरी मालिका बुडणार, कुणाचा खेळ थांबणार. ते आधी सगळ्यांनी एकत्र बसून बोलावं लागतं. आणि ते जमलं, आजच्या माणसांना, आजच्याच काळात.

आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेसाठी मी सरपंचताईंकडं लेखी विषय दिला आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त ‘वाचून कायम’ असं नुसतं लिहू नये, ते खरोखर वाचावं. आणि ज्याचं म्हणणं त्यात आलं आहे त्याला, मग तो कुठल्याही गटाचा असो, विचारावं: असंच म्हणाला होता ना?