सुभेदारांची रात्रपाळी

परळ-लालबागच्या माणसाला रात्रपाळी म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. पण मला या वस्तीतली सगळ्यात मोलाची वाटते ती रात्रपाळी कुठल्याच गिरणीच्या मस्टरवर नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत ती चालली. खोली एकच. तिथंच चूल, तिथंच सरपण, भांडीकुंडी, धूर आणि अख्खं बिऱ्हाड. शिकणाऱ्या पोराला पाय पसरायला जागा नाही. मग साठीकडे झुकलेले वडील पोराला लवकर निजवत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजता त्याला उठवत. पोर दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसलं, की तेव्हा कुठे ते पाठ टेकत.

पोर म्हणजे भीमराव, पुढचे बाबासाहेब आंबेडकर. वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. बाप लष्करात, सासरेही लष्करात. पलटणीतल्या शाळेत चौदा वर्षं त्यांनी मुख्याध्यापकी केली, आणि महूच्या छावणीतच 1891 साली त्यांचं चौदावं अपत्य, भीमराव, जन्माला आलं. शिक्षणानं माणूस ताठ उभा राहतो, हे त्यांनी पलटणीत डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून 1892 च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा ते गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांकडे जाऊन त्यांनी सरकारला द्यायचा अर्ज तयार करून घेतला. प्रश्न त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा नव्हता. प्रश्न मागून येणाऱ्या पोरांचा होता.

पेन्शनीनंतर दापोली, मग सातारा. साताऱ्यात पत्नी भीमाबाई गेल्या. चौदांतली पाचच मुलं जगली होती, आणि घर सावरलं रामजींच्या बहिणीनं, मीराबाईंनी. ते स्वतः कबीरपंथी. घरात दारू-मांस नाही. तिन्हीसांजेला मुलांनी अभंग आणि दोहे म्हणायचे, हा नेम. रामायण-महाभारतही ते मुलांकडून वाचून घेत. ते कशासाठी, असं भीमरावांनी विचारलं, तेव्हा अस्पृश्य म्हणून मनात रुजलेला न्यूनगंड जावा म्हणून, असं वडिलांनी सांगितलं. ही आठवण खुद्द बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. शिस्तीमागं केवढी माया होती, ते तिच्यातून कळतं.

मुंबईत आल्यावर भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडीलच करून घेत. पण पेन्शनीत दोन मुलांची शिक्षणं भागेनात. भीमरावांचे थोरले भाऊ आनंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एका लेकाचं दप्तर बंद करून दुसऱ्याचं उघडं ठेवायचं, या निर्णयानं त्या बापाच्या काळजाला किती घरं पडली असतील!

आणि भीमरावांची पुस्तकांची भूक तर भागता भागत नव्हती. नवं पुस्तक हवं, की सुभेदार मुंबईत दिलेल्या लेकींच्या घरी जात. आधी एकीकडे पैसे मागत, नसले तर दुसरीकडे. कधी तिचा एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन हाती पडली, की पहिलं काम तो दागिना सोडवून आणण्याचं. हुद्द्यानं सुभेदार असलेला माणूस लेकीच्या दारात हात पसरत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. मंजुळा आणि तुळसा या लेकींची नावंही म्हणून लक्षात ठेवायला हवीत.

परीक्षा पास झालेल्या पोराचा सत्कार करायचं वस्तीनं ठरवलं, तेव्हा मात्र सुभेदार आडवे आले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही भीती. शेवटी मन वळवलं ते त्यांचे स्नेही, लेखक दादा केळुसकरांनी. त्याच सत्कारात केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांना दिलं.

पुढे बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, समोरासमोरच्या दोन खोल्यांत आलं. बी.ए. झालेल्या मुलानं बडोद्याला नोकरीला जाऊ नये, असं वडिलांना वाटत होतं. तरी मुलगा गेला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत वडिलांसाठी बर्फी घ्यायला भीमराव सुरतेला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोचले, तेव्हा वडिलांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते पाहायला सुभेदार नव्हते.

रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 साली निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलं त्याची कृतज्ञता म्हणून. आपणही ती ठेवली पाहिजे. राज्यघटनेच्या शिल्पकाराचं ऋण आपण मानतो. त्या ऋणाची पहिली नोंद परळच्या या पेन्शनर सुभेदाराच्या नावावर आहे.